संघटनेत बदल करायचाय, पण सभासदांशी बोलायचं कधी आणि कसं?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका व्यावसायिक संघटनेत मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून अलीकडेच रुजू झालेय. नाव आणि क्षेत्र सांगत नाही, समजून घ्या. आधी कंपनीत होते तिथे सोपं होतं, वर ठरायचं आणि खाली कळवायचं. इथे कार्यकारिणी माझी वरिष्ठ, त्या कार्यकारिणीला निवडून देणारे सभासद म्हणजे वरिष्ठांचे वरिष्ठ, आणि "माझं ओळखपत्र अजून आलं नाही" म्हणून फोनवर ओरडणारेही तेच.

परिस्थिती अशी की नूतनीकरण दरवर्षी घटतंय, विद्यार्थी सभासद सवलत असेपर्यंत राहतात आणि पूर्ण वर्गणी लागू झाली की गायब. पूर्वी लोक माहितीसाठी, मासिकासाठी, ओळखींसाठी यायचे, आता त्यातलं बरंचसं फोनवर फुकट मिळतं. कार्यकारिणीने तीन गोष्टी जवळजवळ ठरवल्यात: छापील मासिक बंद करून डिजिटल करायचं, वर्गणीचे प्रकार बदलायचे, आणि छोट्या शाखा शेजारच्या शाखांत विलीन करायच्या.

अध्यक्ष म्हणतात सगळं पक्कं झालं की एकदम जाहीर करू, आत्ता बोललो तर उगाच गोंधळ. पण गोंधळ आधीच सुरू आहे हो, शाखांच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर "आपली शाखा बंद करतायत" हे फिरतंय आणि ऑफिसात फोन येतायत, आणि फोन घेणाऱ्या मुलीला काय सांगायचं हे मलाच माहीत नाही.

तर प्रश्न: कोणाला आधी सांगायचं, किती सांगायचं, आणि अध्यक्षांना हे कसं पटवायचं? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज. "संवाद वाढवा" असलं नको, ते ट्रेनिंगमध्ये ऐकून झालंय.

कोरमअभावी

आधी हे सांगा, तुमच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेला, गणपूर्ती (कोरम) होते का? की अर्धा तास सभा तहकूब करून त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा सुरू करता? 😀 या एका उत्तरावरून बाकी सगळं कळतं.

उंबरठा

@कोरमअभावी तहकूब. दरवर्षी.

इतिवृत्तकार

बरीच वर्षं एका संघटनेचा मानद सचिव होतो, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, सहन करा.

तुमच्या अध्यक्षांचं म्हणणं कंपनीत चाललं असतं कारण तिथे ऐकणाऱ्याकडे मत नसतं. इथे ज्यांना तुम्ही शेवटी सांगणार तेच हात वर करणार आहेत, आणि घटनेत बदल असेल तर बहुतेक ठिकाणी साधं बहुमत चालत नाही, दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त लागतं. आधी तुमची नियमावली काढून बघा शाखा विलीन करायला नक्की काय लागतं ते. मला अशी कार्यकारिणी माहितीय जिने सहा महिने चर्चा केली आणि हे कलम सगळ्यात शेवटी वाचलं.

इंग्लंड आणि वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेचं २००५ सालचं उदाहरण देतो. सार्वजनिक क्षेत्रातल्या लेखापालांची जी संस्था आहे, सिप्फा, तिच्याशी विलीनीकरण करायचं होतं. नेतृत्व बाजूने होतं. मतदान झालं, ६५.७ टक्के लोक बाजूने. पण लागत होते दोन तृतीयांश. एका टक्क्याने हुकलं! म्हणजे तीनातले जवळपास दोन जण हो म्हणतायत आणि प्रस्ताव पडला. अशा मतदानात "बहुतेकांना चालेल" याला काही अर्थ नसतो, ज्यांना चालणार नाही ते कोण आहेत आणि त्यांचं म्हणणं काय हे तुम्हाला आधी माहीत असावं लागतं. आणि ते एकदम जाहीर केल्यावर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, वरातीमागून घोडं.

आता क्रम. सर्वात आधी ऑफिसातले लोक, म्हणजे ती फोन घेणारी मुलगी. खरं सांगतो, बहुतेक सभासदांसाठी संघटना म्हणजे अध्यक्ष नव्हे, ती मुलगी. ती जर "मला काही कल्पना नाही, साहेबांना विचारते" म्हणाली तर तुमचं सुंदर पत्रक वाया गेलं. मग शाखाप्रमुख, पण ईमेल नाही, फोन किंवा समोरासमोर, कारण शाखाप्रमुखाला आपल्या शाखेची बातमी स्वतःच्या सभासदाकडून कळली तर तो जन्मभर विसरत नाही. मग माजी अध्यक्ष. हसू नका. माजी अध्यक्षांना पद नसतं, वेळ भरपूर असतो आणि सगळ्यांचे नंबर असतात. मग जे नेहमी विरोधात बोलतात ते दोघेतिघे, त्यांना मुद्दाम भेटा. आणि मग सगळे सभासद, सगळ्यांना एकाच दिवशी. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत फार दिवस जाऊ देऊ नका, नाहीतर मधेच फुटतं.

ठरावखोर

मी उलट्या बाजूने बोलतो कारण असल्या धाग्यांवर सगळे "सर्वांना विश्वासात घ्या" गातात आणि घरी जातात.

सभासद वाचत नाहीत. पत्र पाठवा, मेल पाठवा, वाचत नाहीत. मतं मागवली तर तीच दहा माणसं लिहितात जी गेली कित्येक वर्षं लिहितायत, आणि मग त्या दहांचं मत म्हणजे सभासदांचं मत असं धरून कार्यकारिणी घाबरते आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. भिजत घोंगडं. मी तीन कार्यकारिण्या बघितल्यात अशा.

रोटरीचं बघा. १९०५ पासून फक्त पुरुष. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टेच्या क्लबने बायकांना सभासद करून घेतलं तर वरच्यांनी त्या क्लबची सनदच काढून घेतली. नियम बदलायचे ठराव आले आणि पडत राहिले. शेवटी १९८७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि १९८९ ला संघटनेने जगभरासाठी नियम बदलला. जे कोर्टाला सांगावं लागलं ते नेत्यांनी स्वतः रेटायला नको होतं? सगळ्यांचं एकमत व्हायची वाट बघणारा नेता नसतो, तो इतिवृत्त लिहिणारा असतो. (@इतिवृत्तकार तुम्हाला नाही म्हणत 🙏)

इतिवृत्तकार

@ठरावखोर मलाच म्हणताय, चालेल.

पण राव तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. आधी विचारणं म्हणजे सगळे हो म्हणेपर्यंत थांबणं असं मी कुठे लिहिलंय? विचारा, तारीख द्या, तारीख संपली की ठरवा, आणि काय ऐकलं, त्यातलं काय घेतलं, काय घेतलं नाही आणि का, हे लिहून पाठवा. हा शेवटचा भाग कोणीच करत नाही. बाकी सगळं करतात.

रोटरीच्या उदाहरणातही बघा ना, सुरुवात कुठून झाली? खालच्या एका क्लबने सांगितलं की आम्हाला हे हवंय. वरच्यांनी ऐकून घेतलं नाही. मला तर ते न ऐकण्याचंच उदाहरण वाटतं.

ठरावखोर

हे मान्य. अर्धं. एकदा ठरलं की मागे फिरायचं नाही एवढं तरी माझं घ्या.

विनापद

मी साधी सभासद आहे, कुठल्याही पदावर नव्हते आणि होणारही नाही, तर खालून कसं दिसतं ते सांगते.

मी ज्या संघटनेची सभासद आहे (नाव नको) तिथून वर्षभरात येतं काय? वर्गणीची आठवण. वर्गणी वाढल्याचं पत्र, ज्याची सुरुवात "कळविण्यास आनंद होतो" अशी. निवडणूक आली की अचानक पाच जणांचे प्रेमळ मेसेज, जे एरवी ओळखत नाहीत. आणि एक सर्वेक्षण, भलामोठा फॉर्म, मी बसून नीट भरला, सूचना लिहिल्या, त्याचं पुढे काय झालं ते देव जाणे. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच फॉर्म आला, तो मी भरला नाही. मग म्हणतात सभासद प्रतिसाद देत नाहीत!!

एजीएमला एकदा प्रश्न विचारला तर उत्तर आलं "कार्यकारिणी यावर सकारात्मक विचार करेल". या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा "नाही, जमणार नाही, कारण असं असं" म्हणाले असते तर मला राग आला असता पण मी पुढच्या सभेला गेले असते.

@ठरावखोर मी वाचते हो. पहिल्या दोन ओळी वाचते. त्यात काही सांगितलेलं नसतं म्हणून पुढे वाचत नाही.

दुर्बीण

विनापदने जे लिहिलंय त्यावर पुस्तकी बाजूने थोडं. कंटाळा आला तर पुढे जा.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडलं होतं की एखाद्या संस्थेत घसरण होते तेव्हा माणसापुढे दोन रस्ते असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि निष्ठा असेल तर माणूस निघून जाण्याआधी बोलून बघतो. म्हणजे एजीएमला आरडाओरडा करणारा सभासद अजून तुमचा आहे. विनापद चिडून लिहितायत पण त्यांनी वर्गणी भरलीय! नूतनीकरण न करता गुपचूप गेलेले काहीच बोलत नाहीत. @उंबरठा माझी सूचना, सर्वेक्षण सगळ्यांना पाठवण्याआधी गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांपैकी काहींना तुम्ही स्वतः फोन करा. एजन्सीने नाही, तुम्ही. "परत या" म्हणायचं नाही, फक्त विचारायचं की काय मिळत नव्हतं.

दुसरं, मासिकाबद्दल. मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये एक अडचणीचा मुद्दा काढला होता. संघटना क्षेत्रासाठी जे मिळवते, कायद्यातला बदल म्हणा, सरकारदरबारी बाजू मांडणं म्हणा, त्याचा फायदा वर्गणी न भरणाऱ्यालाही होतो. मग माणूस वर्गणी का भरेल? तर फक्त सभासदालाच मिळेल असं काहीतरी हवं, जसं नियतकालिक, विमा, कायदेशीर मदत. आता इंटरनेटमुळे त्यातलं निम्मं बाहेर फुकट मिळायला लागलं, तर उरलेल्या निम्म्याचं महत्त्व वाढतं. छापील मासिक बंद करणं हिशेबात बरोबर असेल, पण काही सभासदांच्या हातात संघटनेच्या नावाची पडणारी ती एकच वस्तू असते. ती थांबली की वर्षातून एकदा संघटना आठवते, वर्गणी मागते तेव्हा. बंद करू नका असं मी म्हणत नाहीये, त्याच्या जागी काय येतंय हे आधी ठरवा आणि दोन्ही एकाच पत्रात सांगा.

जाता जाता, रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ मध्येच लिहून ठेवलंय की लोकशाही पद्धतीने चालणाऱ्या संघटनाही हळूहळू मूठभरांच्या हातात जातात, कारण माहिती, वेळ आणि सभा चालवायचं कसब त्यांच्याकडेच साठतं. तो जर्मनीतल्या समाजवादी पक्षाकडे बघून लिहीत होता, भांडवलदारांच्या क्लबाकडे बघून नव्हे. तुमची तहकूब होऊन पुन्हा भरणारी एजीएम त्यातलीच.

कोरमअभावी

एका पोस्टीत तीन प्रोफेसर. दुर्बीणताई सॅल्यूट.

उंबरठा

सगळ्यांचे आभार, खूप कामाचं आहे. सोडून गेलेल्यांना फोन करायची कल्पना डोक्यातच आली नव्हती, उद्यापासून सुरू करते.

पण माझी खरी अडचण अध्यक्षांची आहे. माणूस अतिशय चांगला, बिनपगारी वेळ देतो, पदाची हाव नाही. त्यांना भीती आहे ती सभेत चार लोक उठून अंगावर येतील याची. म्हणून सगळं घट्ट बांधून मगच बाहेर काढायचं असं ते म्हणतात. मी परवा बैठकीत बोलायला गेले की आधी सांगायला हवं, तर दोन सदस्यांनी माझी बाजू घेतली आणि ते एकदम गप्प झाले. वातावरण बिघडलं.

जुनी_खुर्ची

मी आयुष्यभर तुमच्याच खुर्चीत होतो, आता निवृत्त. यावर बोललंच पाहिजे.

ताई, तो मुद्दा बैठकीत काढायचाच नव्हता. अध्यक्षांशी मतभेद असेल तर बैठकीच्या आधी, दोघंच असताना, आणि बैठकीत त्यांना तुमच्याकडून नवीन काहीही ऐकायला मिळता कामा नये. एकदा सदस्यांपुढे अध्यक्ष विरुद्ध ऑफिस असं चित्र उभं राहिलं की पुढचं प्रत्येक मत त्याच चष्म्यातून बघितलं जातं. आता परत जाऊन एकट्यांशी बोला, आणि तत्त्वाचं बोलू नका, त्यांच्या भीतीचं बोला. चार लोक अंगावर येतील ही भीती खरी आहे. मग ते चार कोण, ते काय विचारतील, हे दोघांनी बसून कागदावर काढा. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहा. ज्याचं उत्तर लिहिता येत नाही तो विषय पक्का झालेलाच नाही, हे त्यांचं त्यांनाच दिसेल, तुम्हाला सांगावं लागणार नाही. आणि मग म्हणा की यातले दोघं आपण आधीच भेटून घेऊया का. त्यांना ते गोंधळ कमी करायचा उपाय वाटेल, आणि तो आहेच.

दुसरी गोष्ट, कोण काय बोलणार हे ठरवून घ्या. बदल का करायचाय हे निवडून आलेल्या माणसाच्या तोंडून आलं पाहिजे. कसा होणार, कधी होणार, फॉर्म कुठला, हे तुमच्याकडून. पगारी अधिकारी धोरण जाहीर करायला लागला की सभासद म्हणतात हिला कोणी निवडून दिलं? आणि अध्यक्ष फॉर्मच्या तारखा सांगायला लागले की त्या चुकतात 🙂

तिसरी, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. सभासद चिडून फोन करतील तेव्हा "माझ्या हातात काही नाही, कार्यकारिणीने ठरवलंय" असं चुकूनही म्हणू नका. क्षणभर तुम्ही चांगल्या ठरता, पण संघटना दोन तुकड्यांत दिसायला लागते. मतभेद दाराच्या आत, बाहेर आलात की निर्णय तुमचाही. पटतच नसेल, अगदी तत्त्वाचा प्रश्न असेल, तर राजीनामा हा रस्ता असतो, फोनवरची कुजबुज हा नाही.

दुर्बीण

जुनी_खुर्ची काकांच्या कागदावर प्रश्न काढण्याला जोड. सभा चालवणं ही शिकायची गोष्ट आहे हे आपल्याकडे कोणी मानतच नाही, अध्यक्ष झाला म्हणजे येणारच असं धरतात. अमेरिकेत ज्याच्या नावाने सभेचे नियम चालतात तो हेन्री रॉबर्ट अमेरिकन सैन्यातला इंजिनियर होता. १८६३ मध्ये त्याच्यावर अचानक एका चर्चमधली सभा चालवायची वेळ आली आणि त्याची पार फजिती झाली. त्यातून तो नियम शोधायला लागला आणि १८७६ ला ते छापले. इंजिनियर माणसाला जर तेरा वर्षं लागली तर आपल्या अध्यक्षांना एक दुपार तालमीला द्यायला काय हरकत आहे.

तिशीतला

तरुण येत नाहीत यावर कोणीच बोललं नाही अजून. आम्ही येतो हो. तुमच्याकडे येत नाही.

विद्युत अभियंत्यांचं घ्या. अमेरिकेत १८८४ पासूनची जुनी प्रतिष्ठित संस्था होती, एआयईई. मग रेडिओ आला, आणि रेडिओवाल्यांची १९१२ ला वेगळी संस्था निघाली, आयआरई. पुढे इलेक्ट्रॉनिक्स वाढलं तसे नवे पोरं सगळे तिकडे जायला लागले, १९५० च्या दशकाच्या शेवटी ती नवी संस्था जुनीपेक्षा मोठी झाली, आणि १ जानेवारी १९६३ ला दोन्ही एकत्र येऊन आयईईई झाली. म्हणजे तरुणांना संघटना नको होती असं नाही, जे काम ते रोज करत होते त्याला घर देणारी संघटना हवी होती.

आता आमच्याकडे काय होतं, "युवा समिती" काढतात. तिला बजेट नाही, मत नाही, वार्षिक समारंभात स्टेजच्या मागे उभं राहायचं आणि फोटो टाकायचे. त्यापेक्षा एक छोटं खरं काम द्या, मुदतीचं, तीन महिन्यांचं, त्यात निर्णय आमचा असू दे. तीन वर्षांची समिती आम्हाला झेपत नाही, नोकऱ्या बदलतात, गावं बदलतात. आणि ते काम आधीच्या मंडळींना आवडलं नाही तरी उलटवू नका.

ठरावखोर

तिशीतला भाऊ, हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

उंबरठा

शाखांबद्दल अफवा इतकी वाढलीय की काल अध्यक्ष स्वतःच म्हणाले काहीतरी पाठवूया. जुनी_खुर्ची काका, तुमचा प्रश्नांचा कागद केला आम्ही. अकरा प्रश्न निघाले, चारांची उत्तरं नव्हती. त्यातला मोठा म्हणजे शाखा विलीन झाल्यावर शाखेच्या बँक खात्यातल्या पैशांचं काय. कोणी विचारच केला नव्हता!

ऑफिसने मसुदा बनवलाय, मत द्या:

"सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यास आनंद होतो की, बदलत्या काळाची पावले ओळखून आपल्या संघटनेने शाखांच्या सक्षमीकरणासाठी पुनर्रचनेचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला आहे. या प्रक्रियेत सर्व घटकांना विश्वासात घेतले जाईल. सभासदांनी नेहमीप्रमाणे सहकार्य करावे, ही विनंती."

विनापद

अरे देवा.

आनंद कोणाला होतोय? सक्षमीकरण म्हणजे माझी शाखा बंद की चालू? "विश्वासात घेतले जाईल" म्हणजे कोण घेणार, कधी घेणार? आणि सहकार्य म्हणजे मी नक्की काय करू, गप्प बसू? माझ्या ग्रुपवर हे आलं तर पहिला माणूस लिहील "म्हणजे बंद होणार हे नक्की". ज्या अफवेसाठी हे पाठवताय ती यात खोडलेलीही नाही आणि मान्यही केलेली नाही.

इतिवृत्तकार

विनापदशी सहमत. कर्मणी प्रयोग दिसला की सभासदाला कळतं काहीतरी लपवताय. मी लिहून बघतो, तुमच्या सोयीने बदला:

"छोट्या शाखा शेजारच्या शाखांत विलीन कराव्यात का, यावर कार्यकारिणी विचार करत आहे. निर्णय झालेला नाही. हा विचार सुरू झाला कारण काही शाखांना पदाधिकारी मिळत नाहीत आणि तिथे कार्यक्रम बंद पडले आहेत. आहे तसं चालू ठेवणं आम्हाला योग्य वाटत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण कोणत्या शाखा, केव्हा, शाखेचं नाव राहणार की जाणार आणि शाखेच्या निधीचं काय करायचं, हे ठरायचं आहे आणि त्यावर तुमचं म्हणणं हवं आहे. अमुक तारखेपर्यंत कळवा. तुमच्याकडून काय आलं आणि त्यावर आम्ही काय केलं, ते अमुक तारखेला सर्वांना पाठवू. त्यानंतर प्रस्ताव वार्षिक सभेत मतदानाला ठेवू. प्रश्न असेल तर या क्रमांकावर मला फोन करा." खाली अध्यक्षांचं नाव आणि त्यांचाच क्रमांक.

ठरावखोर

"आहे तसं चालू ठेवणं योग्य वाटत नाही" हे ठेवलंत म्हणून माझा पाठिंबा. काय खुलं आहे आणि काय नाही हे आधीच कळतं. नाहीतर लोक सहा महिने "काहीच बदलू नका" यावर भांडतात आणि शेवटी कळतं तो पर्याय नव्हताच, मग जास्त चिडतात.

दुर्बीण

यावर जुनं संशोधनही आहे, थिबॉ आणि वॉकर यांचं १९७५ चं, न्यायालयीन वादांवरचं. निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी आपलं म्हणणं मांडायला मिळालं असेल तर माणसाला ती पद्धत जास्त न्याय्य वाटते. पण यात धोका असा की काही नेते हे ऐकून तोंडदेखलं विचारायला लागतात, ठरलेलं असतं आणि मतं मागवतात. सभासद इतके भोळे नसतात. जे ठरलंय त्यावर मत मागूच नका, सरळ सांगा ठरलंय.

हिशेबतपासनीस

वर्गणीवर कोणी बोललं नाही म्हणून दोन ओळी. प्रकार बदलताना आजीव सभासदांना आधी गाठा. त्यांनी एकदाच भरलंय, त्यांना वाटतं आता आपले हक्क कमी करणार. काही बदलत नसेल तर पत्रात पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा, बदलत असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय लिहू नका. आणि "वाढ फक्त नाममात्र" असं लिहू नका, आकडा द्या, जुना आणि नवा शेजारी शेजारी.

तिशीतला

सभा ऑनलाइन पण ठेवताय ना? २०२० मध्ये कोविडमुळे कित्येक देशांनी ऑनलाइन सभांना मुभा दिली तेव्हा दूरचे लोक पहिल्यांदा सभेला दिसले. नंतर सगळे परत हॉलमध्ये गेले आणि कोपऱ्यात एक लॅपटॉप ठेवला. आमचा आवाज म्यूट, चॅट कोणी वाचत नाही. ऑनलाइनवाल्यांचे प्रश्न वाचून दाखवायला एक माणूस नेमा, आणि त्याला आधी बोलू द्या, हॉलमधल्यांच्या नंतर नाही. मतदान ऑनलाइन चालतं का तेही नियमावलीत बघा.

उंबरठा

अपडेट. इतिवृत्तकारांचा मसुदा थोडा बदलून गेला. त्याआधी शाखाप्रमुखांना अध्यक्षांनी स्वतः फोन केले, एक जण पाऊण तास भांडला. आणि त्यांचा नंबर पत्रात टाकायला ते तयार झाले! पहिल्या दिवशी फोन आले भरपूर, पण "बंद होणार का" विचारणारे कमी, "निधीचं काय" विचारणारे जास्त. एका शाखेने तर स्वतःहून कळवलंय की आम्हाला विलीन व्हायचंय, फक्त नाव राहू द्या.

सोडून गेलेल्यांचे फोनही चालू आहेत. काहींनी कटवलं. पण एक उत्तर वारंवार येतंय जे मला अपेक्षित नव्हतं, वर्गणी जास्त म्हणून सोडलं असं फार थोडे म्हणतात. बरेच म्हणतात "मी नवीन आलो तेव्हा कोणी ओळखच करून घेतली नाही". मासिकाचा निर्णय अध्यक्षांनी एक वर्ष पुढे ढकललाय, ठरावखोर रागावतील.

ठरावखोर

रागावलोय. पण पुढे ढकललंय हे सभासदांना तारखेसकट सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

कोरमअभावी

आणि यंदा कोरम?

उंबरठा

@कोरमअभावी सभा अजून व्हायचीय. प्रार्थना करा.

जुनी_खुर्ची

छान चाललंय ताई. दोनच गोष्टी राहिल्या. मतं आल्यावर जी तारीख दिलीय ती पाळा, गोषवारा अर्धा कच्चा असला तरी त्या दिवशी पाठवा, आणि ज्या सूचना घेतल्या नाहीत त्या वगळू नका, कारणासकट त्यात लिहा. आणि प्रस्ताव सभेच्या सूचनापत्रात विषय म्हणून स्वतंत्र छापा, पूर्ण मजकुरासकट. कोणी म्हणेल आयत्या वेळच्या विषयांत घेऊ, अध्यक्षांच्या परवानगीने. घेऊ देऊ नका. त्या विषयात आणलेला ठराव मंजूर झाला तरी त्यावर पुढची दोन वर्षं पत्रव्यवहार चालतो.